हात आधी, नाक मग

शहरात दारूबंदी होती आणि मला नोकरी मिळाली होती ती अमेरिकन व्हिस्कीचं कौतुक मराठीत लिहिण्याची. नोकरी तरी कसली, तीन महिने बघू आणि मग ठरवू, अशी. आबिड्सला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची जाहिरात कंपनी होती. चार टेबलं, एक कॉम्प्युटर, आणि तो कॉम्प्युटर गरम होऊ नये म्हणून एक एसी. माणसांना पंखे होते. बाजार उघडला, देश मोकळा झाला असं रोज पेपरात येत होतं. माझ्या वर्गातली मुलं पुण्याला, बंगळुरूला, एकदोघं तर थेट अमेरिकेला निघून गेली होती. मी मात्र नारायणगुड्याहून आबिड्स आणि आबिड्सहून नारायणगुडा. त्या दिवसांत मला कुठे धड बसवतच नसे. खुर्चीत टेकलो की पाय हलायला लागायचा.

"पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते," आई म्हणायची.

"आधी येऊ तर दे," मी म्हणायचो.

अमेरिकेतली एक जुनी दारूभट्टी आपल्याकडे येऊ पाहत होती. आंध्रात बंदी, म्हणून त्यांची नजर महाराष्ट्रावर होती. तिथल्या हॉटेलांतल्या आणि बारमधल्या लोकांना हा माल काय आहे, कुठून आला, चवीला कसा, हे सांगणारी एक छोटी पुस्तिका त्यांना मराठीत हवी होती. मुंबईच्या मोठ्या जाहिरातवाल्यांनी ते काम स्वस्तात पडावं म्हणून आमच्या मालकांकडे ढकललं. कंपनीत मराठी वाचता-लिहिता येणारा मी एकटा. जामबागच्या मराठी शाळेत मास्तरांनी कान पिरगाळून शिकवलेलं शुद्धलेखन अखेर कामाला आलं, तेही दारूच्या.

इंग्रजी पुस्तिका मी दोन दिवसांत पाठ केली. पहिलं प्रकरण वारशाचं. तिकडे वस्ती करायला गेलेल्या शेतकऱ्यांनी मका पिकवला, उरलेल्या मक्याची दारू गाळली, आणि तिथल्या चुनखडीच्या पाण्याने ती गोड लागली, वगैरे. एका घराण्याच्या सहा-सात पिढ्या. त्याचा केवढा तो अभिमान! चारमिनारच्या गावात राहणाऱ्याला दोनशे वर्षांचं काय कौतुक सांगता, असं मला वाटायचं. पण एक गोष्ट मनात बसली. जुन्या घाण्यातलं थोडं आंबवण काढून ते नव्यात घालायचं, म्हणजे चव पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. मी सरळ लिहिलं, 'विरजण'. आमच्याकडेही आजीच्या हातचं विरजण आई वीस वर्षं मोडू देत नव्हती. दुसरी गोष्ट पिंपांची. ओक नावाच्या झाडाचं नवं कोरं पिंप करायचं, ते आतून जाळून काळं करायचं, त्यात दारू काही वर्षं मुरवायची, आणि ते पिंप त्या दारूसाठी पुन्हा वापरायचं नाही.

इथपर्यंत गाडी ठीक चालली होती. अडली ती चवीशी. व्हॅनिला, कॅरॅमल, ओक, चामडं, तंबाखू. मी तसंच्या तसं लिहून पाठवलं. चार दिवसांनी मुंबईहून कागद परत आला, लाल शाईत एकच ओळ: 'हे वाचून वेटर विचारेल, आईस्क्रीम आहे की चप्पल?'

मालक हसले नाहीत. खिशातून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मुंबईहून येताना कशी आणली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "मियाँ, ये अस्सल माल है. सूंग को लिखो. सोमवार कू कागद होना. और रस्ते में पकडे गए तो मैं तुमकू पैचानता नई."

बूच काढून मी नाक लावलं. गोड काहीतरी, मग झणका, मग डोळ्यांत पाणी. बस्स. माझ्या नाकाची तेवढीच धाव. पण घरी एक नाक होतं.

बाबांनी आबकारी खात्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. जिल्ह्याजिल्ह्यातून धाडींत पकडलेली सारा म्हणजे गावठी, मोहाची, शिंदी, बनावट विलायती, सगळ्यांचे नमुने त्यांच्या टेबलावर यायचे. यंत्रं होती, पण यंत्र लावायच्या आधी बाबा जे सांगत तेच शेवटी अहवालात उतरायचं. आयुष्यात एक थेंब प्यायले नाहीत. लग्नाच्या पंक्तीत बसल्या बसल्या त्यांनी एकदा सांगितलं होतं, "बासुंदी खाली लागायलीय, आचाऱ्याला बोलवा," आणि आचारी धावत गेला तेव्हा खरंच खाली लागत होती. जिना चढताना कोणत्या मजल्यावर चिंचेचा चारू, म्हणजे सार, आणि कोणत्या मजल्यावर खट्टी दाल हे ते मोजत चढायचे. लहानपणी त्यांनी मला त्यांची रीत शिकवली होती, घरी नुसतं स्पिरिट घेऊन. बाटली हलवायची, बुडबुड्यांची माळ किती टिकते ते बघायचं. मग चार थेंब तळव्यावर घेऊन दोन्ही हात चोळायचे. अस्सल असेल तर तळवा गार पडतो आणि बघता बघता कोरडा होतो. नाक त्यानंतर.

"हात आधी, नाक मग," ते म्हणायचे. "नाकाला सर्दी होती. हाताला होत नाही."

निवृत्त झाल्यावर त्या नाकाला काम उरलं नव्हतं. आणि गेल्या काही महिन्यांपासून मला आणखी एक शंका छळत होती. बाबा रोज जेवायच्या आधी आईला विचारू लागले होते, "आज काय केलंस गं?" तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, जिन्यातच त्यांना उत्तर मिळायचं. मग एका संध्याकाळी आई देवळातून आली तर घरात गॅस कोंडलेला. शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि बाबा दोन हातांवर स्टुलावर बसून पेपर वाचत होते. आईने खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला, तेवढ्यात मी पोचलो.

"वास नाही आला?" मी ओरडलोच.

"सर्दी झालीय," बाबा म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

वैशाखातली सर्दी. त्या दिवसानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसातून मधेच घरी फोन करायचो, शेगडी बंद आहे ना विचारायचो. खरं सांगायचं तर मला गॅसची भीती कमी होती. बाबांचं नाक गेलं असेल तर बाबांचं काय उरलं, ह्याची भीती जास्त होती. दिसायला साधा, अबोल, कारकुनी माणूस. त्या नाकामुळे मोठमोठे अधिकारी त्यांच्या टेबलाशी उभे राहायचे. मला ते नाक शाबूत हवं होतं. बाटली घरी नेताना माझ्या मनात दोन्ही होतं: पुस्तिका पुरी व्हावी, आणि माझी शंका खोटी ठरावी.

शुक्रवारी संध्याकाळी बाटली बाबांसमोर ठेवली आणि काम सांगितलं.

"बंदी हाय," बाबा म्हणाले. "घरात ठेवणं गुन्हा हाय."

"तपासणीला आलेला नमुना आहे बाबा. दारू नाही."

हे मात्र त्यांना पटलं. तीस वर्षं त्यांच्या टेबलावर दारू कधी आलीच नव्हती, नमुनेच आले होते.  "मग अर्ज दे," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी खरंच कोरा कागद पुढे केला. मी लिहिलं, 'नमुना एक, रंग तांबूस, तपासणीसाठी सादर.' त्यांनी चिठ्ठीवर नंबर घातला, गोंदाने बाटलीला चिकटवली, सही केली आणि बाटली दुधाच्या जाळीच्या कपाटात ठेवली. नमुना म्हणे आंघोळ करून, रिकाम्या पोटी, सकाळच्या उजेडातच तपासायचा. शनिवारी त्यांना पेन्शनच्या कामाला जायचं होतं, म्हणजे रविवारी. माझा जीव नुसता वरखाली. सोमवारी कागद द्यायचा, आणि हे उजेडाची वाट बघताहेत!

आई त्या कपाटाकडे बघेना. देवघर त्याच्याच शेजारी होतं. "माझ्या देवांनी काय पाप केलंय," एवढंच म्हणाली आणि दुधाचं पातेलं ओट्यावर आणून ठेवलं. शनिवारभर मी गच्चीत फेऱ्या मारल्या. पेन्शनच्या कामाहून आल्यावर बाबांनी इंग्रजी पुस्तिका वाचायला मागितली, मी दिली. ती घेऊन ते दुपारभर आतल्या खोलीत होते.

रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाबा खिडकीशी उभे राहिले. मी वही घेऊन बसलो. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं तसंच. बाबांनी बाटली उजेडात धरली, हलवली, बुडबुड्यांकडे बघितलं. बूच काढलं. चार थेंब तळव्यावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळले. मग ओंजळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

इतका वेळ गेला की माझा पाय आपोआप हलायला लागला. बाबांनी एकदाच डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, परत मिटले.

"लिही," ते म्हणाले. आवाज एकदम ऑफिसातला. "पहिल्यांदा मका. ओला नाही. कणीस निखाऱ्यावर भाजताना दाणे तडतडायला लागतात, तो. लिहिलं? मग गूळ. काहिलीतला नाही. काहील उतरवल्यावर कडेला चिकटून राहतो, जरासा करपलेला, पोरं उलथन्यानं खरवडून खातात, तो गूळ. मग लाकूड. सुताराच्या रंध्याखालचं नवं लाकूड, पण आतून धग लागलेलं. शेवटी बासुंदीच्या पातेल्याची खरवड. जायफळ उगाळून टाकल्यावरची. गोड वाटते, अन् मागून हळूच कडू होती. ती कडवट चव जिभेवर बसून राहती. लिही, बसून राहती."

मी लिहीत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. नाक शाबूत होतं! नुसतं शाबूत नाही, असं बोलताना बाबांना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आनंदाने मी ओरडलो, "बाबा, कमाल!" त्यांनी बुचाने बाटली बंद केली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "पेपर आला का बघ."

ते पेपर घेऊन गॅलरीत गेले. मला बसवेना. मला वाटलं, बाबांना जे लागलं ते आपल्यालाही लागतं का बघू. बाटली उघडली, तळव्यावर ओतली, चोळली, नाकाशी नेली.

चहा होता. कोरा, गार झालेला चहा.

परत वास घेतला. परत चहाच. मी दाराकडे पाहिलं तर आई अजून तिथेच उभी होती. माझा चेहरा बघून ती आत गेली, मी मागोमाग.

"काय केलंस तू?" दात ओठ खात मी विचारलं.

"मोरीत ओतली, चहा भरून ठेवला. काल सकाळी हे पेन्शनला गेले आणि तू गच्चीत होतास तेव्हा." ती पोळपाटाकडे बघत बोलत होती. "घरात देव आहेत, वर बंदी आहे, उद्या पोलीस आले तर ह्यांच्या पेन्शनचं काय? मला वाटलं, हे बाटलीला नाक लावतील, एका क्षणात ओळखतील, माझ्यावर चिडतील आणि विषय संपेल. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती रे." मग तिने माझा दंड धरला. "त्यांना काहीच कळलं नाही. बघितलंस ना, काहीच नाही. तू हे बोलू नकोस. मी सांगते म्हणून बोलू नकोस."

मला आईचा भयंकर राग आला होता. ज्याची भीती होती ते समोर आलं होतं. गॅलरीत बाबा पेपर वाचत होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "नाही बोलणार," मी म्हणालो.

सोमवारी तो कागद फाडूनच टाकणार होतो. चहाचा वास घेऊन लिहिलेली व्हिस्कीची चव! ह्याहून मोठी थाप ती कोणती. पण ऑफिसात मालकांच्या कपाटात तसलीच दुसरी औषधाची बाटली होती. म्हटलं, एकदा ताडून तरी बघू. बूच काढलं, बाबांचा कागद समोर धरला. मका होता. करपलेला गूळ होता. झणक्याच्या मागे, अगदी शेवटी, पातेल्याच्या तळाची खरवड होती, आणि ती खरंच बसून राहिली. आदल्या शुक्रवारी ह्याच नाकाला ह्यातलं काही सापडलं नव्हतं. मी कागद तसाच दिला. 'बासुंदीची खरवड' मुंबईवाल्यांना इतकी आवडली की त्यांनी ती पुस्तिकेच्या मलपृष्ठावर घेतली. महिन्याअखेर मी पक्का झालो.

इंग्रजी पुस्तिका परत घेताना मला तिच्यात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. जळलेल्या पिंपाच्या परिच्छेदाशेजारी बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: खरवड? दुसऱ्या पानावर: गुऱ्हाळ. त्याखाली: जायफळ, थोडं. म्हणजे शनिवारी दुपारी बंद दाराआड बाबांनी अभ्यास केला होता. नाक गेलंय हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं, आणि तरी मुलाचा कागद कोरा जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभराचे वास डोक्यातून काढून एकेक करून जुळवले होते. मी ती पुस्तिका कंपनीला परत दिली नाही.

त्यानंतर आम्ही दोघं, आई आणि मी, फार जपून वागलो. दूध उतू जायच्या आत आई ओरडून सांगायची, "दूध आलं हो वर!" जणू स्वतःलाच सांगतेय. जिना चढताना मी मोठ्याने बोलायचो, "वा, दुसऱ्या मजल्यावर खट्टी दाल दिसतेय!" बाबा म्हणायचे, "हौ, लसूण जास्त झालाय." आम्हाला वाटायचं, आपण त्यांना किती छान फसवतोय. ह्या खेळात वर्षं गेली. बंदी उठली. मी दोन नोकऱ्या बदलल्या, तरी पाय हलायचा थांबला नाही. आईला एका थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ती गेली. बाबांच्या नाकाचं सत्य तिने शेवटपर्यंत त्यांच्यासमोर काढलं नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसने मला पहिल्यांदा अमेरिकेला पाठवलं. परतताना विमानतळावरच्या दुकानात त्याच व्हिस्कीची बाटली दिसली, घेतली. का घेतली सांगता येत नाही. घरी आल्यावर चहा झाला, सामान सुटलं, आणि मी ती बाबांच्या पुढ्यात ठेवली. "बाबा, आठवते? नमुना एक."

 बाबांनी उठून हात धुतले, कोरडे केले आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुधाचं जाळीचं कपाट अजून तिथेच होतं. त्यांनी बाटली उघडली, तळव्यावर चार थेंब घेतले आणि दोन्ही हात चोळले. ओंजळ मात्र नाकाशी नेली नाही. तळवे तसेच उघडे धरून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"ही गार लागती," ते म्हणाले. "बघ, वाळली पण. त्या दिवशीची वाळली नव्हती."

 लहानपणापासून मला ती रीत पाठ होती, पण त्या रविवारी हातानेच त्यांना सांगितलं असेल, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हात कुठं गेला होता माझा?" बाबा म्हणाले. "तुझी आई दारात उभी होती, लाटणं धरून. तोंड एवढंसं झालेलं. तू वही घेऊन बसलेला. काय बोलायचं मग?" त्यांनी बाटलीला बूच लावलं आणि ती माझ्या हातात दिली. "पण हुशार होती. तळव्यावरचा डाग चहाचा होता, पण साखर घातली नव्हती. घातली असती तर तळवा चिकटला असता."

मग ते गॅलरीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, माझा पाय हलत नव्हता.